उणे

एल्डोरेटच्या प्रवेशखिडकीतल्या बाईंनी
माझा निकाल उलटा करून पाहिला,
पाठीमागे काही सांडलंय का, अशा नजरेने.
"सरासरी सी प्लस. ठीक.
पण कायद्याला इंग्रजी नाहीतर किस्वाहिली,
एकात तरी बी लागतो. नुसता बी.
तुझ्या बीला शेपूट आहे."
दोन्हीकडे होतं. आडवी, मुंगीएवढी रेघ.
उणे.

मागे टाय घातलेला एक मुलगा
वडिलांच्या फोनवर आईशी बोलत होता.
मी कागदाची घडी केली,
ती नेमकी रेघेवरून गेली.

बाईंना मी सांगितलं नाही
की या रेघेची नि माझी जुनी ओळख.
सोळा वर्षांची होते. किटालेच्या कोर्टातून
आईच्या नावाने पत्र आलं.
मुलोंगोने काटेरी कुंपण एका रात्रीत
सहा पावलं आमच्या मक्यात सरकवलं होतं,
आणि कोर्टाने ते तिथेच राहू दिलं होतं.
घरात इंग्रजी येणारी मी एकटी.
दिवा उंचावर, म्हणून स्टुलावर चढून वाचलं.
आई, मामा, मामाचा मित्र,
सगळे मान वर करून.
अपील, 'विदिन फोर्टीन डेज'.
मी म्हणाले, चौदा दिवसांनी.

आईने दोन कोंबड्या विकल्या.
पंधराव्या दिवशी चर्चचे बूट घालून गेली.
कारकून वाईट नव्हता. बोट ठेवून
त्याने तो एक शब्द दाखवला.
आईने मान डोलावली, वाचता येत असल्यासारखी.
घरी येऊन म्हणाली, "उशीर झाला,"
आणि उगाली ढवळायला बसली.

तेव्हा मंडळाचं काही चुकलेलं नाही.
उणे माझंच आहे.

दिवसा पोशोच्या गिरणीत मी मका तोलते.
संध्याकाळी म्वालिमु खाएम्बांकडे जाते.
एका डोळ्यात मोतीबिंदू, फी दोन किलो पीठ.
"इंग्रजीचं राहू दे, किस्वाहिली पुन्हा दे," म्हणाले.
तीही माझी सख्खी नव्हे,
घरी आम्ही बुकुसूत भांडतो.
ते शब्द घालतात, मी उतरवून घेते:
कलामु. हेसाबु. वकीली. हाकी.
"हे समुद्रावरून आले, नेलिमा. गलबतांतून, खजुरांबरोबर.
वाटेत आणखी कुठल्या बंदरांना उतरले कोण जाणे.
तिथेही कुणी यांच्यापायी कोर्टाची पायरी झिजवत असेल."
मी 'हाकी' दहा वेळा लिहिते.
केसांतलं पीठ वहीवर पडतं.

नोव्हेंबरात, चोविसाव्या वर्षी,
गणवेशातल्या पोरांमध्ये जाऊन बसले.
एकाने माझ्याकडेच पुरवणी मागितली.
निबंधाला विषय होता, 'माझा शेजारी'.
मुलोंगोबद्दल मी दोन पानं चांगलं लिहिलं.
व्याकरण सांभाळायचं होतं.

काल पत्र आलं.
दिवा आता हाताशी आहे,
तरी आईने स्टूल आणून ठेवलं.
मी खाली उभी राहूनच वाचलं:
विभाग, फी, दोन फोटो,
चौदा दिवसांच्या आत हजर व्हावे.
'आत'पाशी थांबले. पुन्हा वाचलं.
"आत म्हणजे?" आईने विचारलं.
"म्हणजे उद्याही चालेल."
"उद्याच."

तिने खाटेखालून चर्चचे बूट ओढले,
थुंकी लावून पदराने पुसले.
मला ते बोटभर मोठे होतात.
"पुढे कापूस कोंब," ती म्हणाली.